सव्वीस जोड चपला

लेकरं मोजायची चंद्रकलाची रीत साऱ्या हुडकेश्वरात तिची एकटीचीच असावी. ती लेकरं मोजतच नसे. वाचनालयाच्या पायरीवरच्या चपला मोजायची.

"पोट्टे एका जागी बसत नाहीत," ती म्हणायची, "चपला बसतात."

आता यात खोटं तरी काय होतं? रविवारी सकाळी नऊला बालवर्ग सुरू झाला की पंचवीस-तीस मुलं त्या एवढ्याशा वाचनालयात अशी पांगायची की डोकी मोजणाऱ्याचं डोकं फिरावं. एक कपाटामागे, एक टेबलाखाली, दोघं माठापाशी ग्लासावरून भांडत. त्यापेक्षा पायरीवर उभं राहून जोड मोजले की काम फत्ते. सुरुवातीला जितके जोड, तितकी हजेरी. शेवटी पायरी रिकामी, म्हणजे वाचनालय रिकामं. मग कूलर बंद, खिडक्यांची दारं बंद, मेन स्विच बंद आणि दाराला कुलूप. एकोणीस वर्षं हे असं चाललं होतं आणि एकदाही चुकलं नव्हतं.

ही खोड तिला बापाकडून आली होती. देवराव गोळीबार चौकामागच्या एका बोळात हातमागावर लुगडी विणायचे. सात-आठ वर्षांची चंद्रकला चरख्यावर बसून त्यांना कांड्या भरून द्यायची. कांड्या म्हणजे धोट्यात बसवायच्या सुताच्या लहान नळ्या. संध्याकाळी देवराव भरलेल्या कांड्या मोजत बसत नसत. टोपलीत रिकाम्या किती उरल्या तेवढं बघत. "उरलेलं मोजावं बाई," ते म्हणत, "झालेलं आपोआप समजते." पुढे माग बंद पडला, देवराव गेले, पण लेकीने ते वाक्य काही टाकलं नाही. बारावी झाली, ग्रंथालयाचा सहा महिन्यांचा कोर्स झाला, गांधीबागेतल्या कापड दुकानात काम करणाऱ्या ईश्वरदासशी लग्न झालं, शहराच्या टोकाला हुडकेश्वरात दोन खोल्यांचं घर झालं आणि तिथल्या सार्वजनिक वाचनालयात नोकरी लागली. कागदावर ग्रंथपाल. प्रत्यक्षात झाडू मारण्यापासून वर्तमानपत्रं लावण्यापर्यंत सबकुछ चंद्रकला.

बालवर्ग मात्र तिने कुणी न सांगता सुरू केला होता. त्यात जोडवाचन असायचं: दोघादोघांनी बसायचं, एकाने वाचायचं, दुसऱ्याने ऐकायचं, मग उलट. आणि मागच्या खोलीत पुस्तकांचा दवाखाना होता. फाटकी पुस्तकं तिथे भरती व्हायची. कोणाचा कणा मोडलेला, कोणाची पानं सुटलेली. बापाच्या मागाचं उरलेलं पक्कं सूत तिने जपून ठेवलं होतं, त्या सुताने मुलं पुस्तकांना टाके घालायची. खोलीवर टिनाचं छप्पर होतं, म्हणून उन्हाळ्यात दवाखाना दहाच्या आत आटपायचा असा तिचा कडक नियम होता.

वाचनालयाचे सचिव शरच्चंद्र घाटे यांना हे सगळं म्हणजे डोक्याला ताप वाटायचा. चौऱ्याहत्तर वर्षांचे, सरकारी कचेरीत हेडक्लार्क म्हणून जन्म काढलेले, घर वाचनालयासमोरच्याच गल्लीत. माणूस वाईट नव्हता, पण शांततेचा भारी लोभी. मुलांना पुस्तकं घरी न्यायला द्यायची नाहीत, हा नियम त्यांचाच. मे महिन्याच्या सुरुवातीला पायरीवरून एका मुलीच्या कोऱ्या गुलाबी चपला चोरीला गेल्या, तिची आई तणतणत आली, तेव्हा घाटेकाकांनी चंद्रकलाला बोलावून साफ सांगितलं.

"चंद्रकलाबाई, समितीत आधीच कुरकुर आहे. आता आणखी एक तक्रार आली, एकच, तर हा रविवारचा वर्ग बंद. मी तुमच्या बाजूने बोलणार नाही."

चंद्रकला हादरली. वर्ग गेला तर तिच्याकडे उरणार काय, वर्तमानपत्रं आणि झाडू? तिने दाराला नवं भक्कम कुलूप आणलं. पुढच्या रविवारी मुलांना समोर बसवून बजावलं, "आपापली चप्पल जिवापाड सांभाळा रे बाबांनो. आता एक जरी चप्पल गेली तर आपला वर्ग गेला."

ज्या मुलीच्या चपला गेल्या होत्या तिचं नाव भूमिका. आठ वर्षांची, पुस्तकाची अधाशी. बाप नव्हता. आई दामिनी घरी बसून ब्लाउज शिवायची. दुसऱ्या चपला आणताना आईने काय काय ऐकवलं असेल ते पोरीच्या चेहऱ्यावरच लिहिलेलं होतं. चंद्रकलाचं बोलणं तिने बाकीच्यांपेक्षा जास्त मन लावून ऐकलं.

त्याच्या पुढचा रविवार. पारा पंचेचाळीसवर. चंद्रकलाची त्या दिवशी सगळीच घाई होती, कारण दुपारी खापरखेड्याला भाच्याचं, कुशलचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. तिचा भाऊ तिथे वीज केंद्रात नोकरीला, कॉलनीतच राहायचा. नऊ वाजता तिने पायरीवर जोड मोजले: सव्वीस. वहीत लिहिलं: सव्वीस. गोष्ट झाली, दवाखाना झाला, जोडवाचन झालं. अकराला तिने टाळ्या वाजवल्या, मुलं चपला घालून भुर्र उडाली. पायरी लख्ख रिकामी झाली. चंद्रकलाने कूलर बंद केला, खिडक्या लावल्या, मेन स्विच पाडला, कुलूप लावलं आणि दोनदा ओढून बघितलं. नव्या कुलपाची दुसरी किल्ली काकांकडे द्यायची राहिली होती. संध्याकाळी देऊ म्हणून दोन्ही किल्ल्या पर्समध्ये टाकल्या आणि तोंडाला दुपट्टा बांधून ती ईश्वरदासच्या स्कूटीवर मागे बसली.

खापरखेडा म्हणजे शहर ओलांडून पार पलीकडे. पोचेपर्यंत साडेबारा झाले. मांडवात जेवणाची घाई उडालेली, घराच्या दाराशी चपलांचा ढीग. चंद्रकला सवयीने तो ढीग बघत उभी राहिली, तेवढ्यात तिच्या पुढे एक बाई आली. अंगठ्यात चमचम खडा असलेली नवी चप्पल तिने काढली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि पिशवी काखेत मारून आत निघाली.

चंद्रकलाला हसू आलं. "काहून वं, एवढी काय जपून राहिली चपलेले?"

"तर काय मंग!" बाई म्हणाली. "मागच्या लग्नातून अनवानी गेली मी घरी. आता आपली चप्पल आपल्यासंग."

चंद्रकला हसतच आत गेली. पाहुण्यांना नमस्कार केला, कुशलला ओवाळायच्या ताटाला हात लावला. आणि ताट हातात असतानाच तिच्या मनात काहीतरी अडलं.

सव्वीस जोड. सव्वीस लेकरांच्या जोडवाचनाला बरोबर तेरा जोड्या व्हायला हव्यात. मग एक लेकरू उरलं कसं? उरलं होतं. तिला नक्की आठवत होतं, कारण त्या उरलेल्या लेकरासोबत ती स्वतः बसली होती. भूमिकासोबत. भूमिकाच्या मांडीवर कापडी थैली होती, फुगलेली. तिने विचारलंही होतं, "काय भरून आनलं यात?" तर पोरीने थैली पोटाशी घट्ट धरून नुसतं हसून दाखवलं होतं.

थैलीत चपला होत्या.

ओवाळणीचं ताट तिने भावजयीच्या हातात दिलं की खाली ठेवलं, ते तिला पुढे कधी आठवलं नाही. भूमिका बाहेर पडताना आपण पाहिली का? डोळे मिटून तिने सगळी मुलं एकेक करून दाराबाहेर काढून पाहिली. भूमिका त्यात नव्हती. आणि जोडवाचनातली गोष्ट अर्धी राहिली म्हणून पोरगी हिरमुसली होती. पुस्तक घरी न्यायची परवानगी नाही. मग कुठे बसली असेल ती वाचत? मागच्या खोलीत. टिनाखाली. खिडकी आपणच लावली. मेन स्विच आपणच पाडला. अकरा वाजता. आता एक वाजत होता.

"चला," तिने ईश्वरदासला जेवणाच्या पंगतीतून उठवलं. "आत्ताच्या आत्ता चला."

"काहून? काय झालं? तोंड तं पाहा तुझं—"

"लेकरू कोंडलं मी."

दामिनीचा नंबर तिच्याकडे नव्हता. मुलांच्या पालकांचे नंबर नोंदणीच्या वहीत होते, आणि वही कुलपाच्या आत. वाचनालयाजवळच्या एकाच माणसाचा नंबर तिच्याकडे होता, घाटेकाकांचा. तिने फोन हातात घेतला आणि तिचा अंगठा थांबला.

आणखी एक तक्रार. एकच. पोरगी कदाचित घरी असेल. आपण उगाच भ्यालो असू. उगाच भ्यालो आणि काकांना सांगून बसलो, तर एकोणीस वर्षं एका फोनवर जातील. आपण तास-दीड तासात पोचतो. गुपचूप उघडून बघता येईल. हे सगळं तिच्या मनात आलं, आणि आलं हे ती पुढे कुणापासूनही लपवणार नव्हती. पण तेवढं थांबायचा धीरही नव्हता. म्हणून तिने मधली वाट काढली. माणूस घाबरला की अशाच वाटा काढतो.

फोन पाचव्या रिंगला उचलला गेला. काका झोपेतून उठले होते.

"काका, कूलर चालू राहिला वाटते. जळाबिळाचा नाही तं. कुलूप तोडून पाहता काय जरा?"

"कूलर?" काका वैतागले. "मेन स्विच पाडता ना तुम्ही? मग कूलर चालेल कशावर? नवंकोरं कुलूप तोडायचं? काहीतरीच. संध्याकाळी आलात की बघू. बाहेर ऊन बघा काय आहे ते."

बाहेर ऊन बघा.

"काका, खोटं बोलली मी," ती ओरडलीच. मांडवातल्या बाया वळून बघायला लागल्या. "आत लेकरू आहे. भूमिका आहे आत. मीच कोंडलं तिले. मागच्या खोलीत असंन, टिनाखाली. दोन घंटे झाले. दोन्ही किल्ल्या माझ्यापाशी आहेत. तोडा काका, काहीही करा, पन तोडा!"

पलीकडून फोन कशावर तरी आपटल्याचा आवाज आला, मग दार उघडल्याचा. मग नुसता त्यांच्या घरातल्या कूलरचा घरघराट. काकांनी फोन बंदही केला नव्हता. ती "हॅलो, हॅलो" करत राहिली.

स्कूटी निघाली. त्या रस्त्याचं वर्णन काय करायचं? कोराडी गेलं, मानकापूर गेलं, सिग्नलला उभं राहिलं की डांबराची वाफ तोंडावर यायची आणि चंद्रकलाला वाटायचं, ही मोकळी हवा आहे, मोकळ्या हवेत हे असं, तर त्या खोलीत काय असेल. पोरगी ओरडली असेल. पण ऐकणार कोण? दुपारी सगळ्या हुडकेश्वरात चिटपाखरू नसतं, आणि घराघरात कूलर असे भणभणत असतात की दारात गाडी आली तरी कळू नये. घरचे शोधत असतील का? नसतील. रविवारी भूमिका वर्गातून परस्पर आजीकडे जायची. आईला वाटत असेल आजीकडे आहे, आजीला वाटत असेल आईकडे आहे. साऱ्या शहरात फक्त आपल्याला एकटीला माहीत होतं, आणि आपण आधी कूलरची थाप मारली. ईश्वरदासच्या पाठीला कपाळ टेकून ती देवाला काही मागत नव्हती. ती आकडे मोजत होती. एकशे एक, एकशे दोन. मोजायचं थांबलं की काहीतरी वाईट होईल असं तिला वाटत होतं.

सदर भागात आले तेव्हा फोन वाजला. ईश्वरदासने गाडी फूटपाथला लावली.

"सापडली," काका म्हणाले.

"कशी आहे?"

हेडक्लार्क म्हणून जन्म काढलेला माणूस फोनवर लहान मुलासारखा हुंदके देत होता. शेवटी कसंबसं म्हणाले, "श्वास चालू आहे. डोळे उघडत नाही. रिक्षात आहोत, दवाखान्यात नेतोय. तुम्ही तिकडेच या."

चंद्रकला फूटपाथवर खाली बसली. चटका बसला तसा ईश्वरदासने तिला धरून उठवलं.

भूमिका दवाखान्यात खाटेवर होती, हाताला सलाईन, कपाळावर ओली पट्टी. ओठ फाटलेले. थोड्या वेळाने तिने डोळे उघडले होते, पाणी मागितलं होतं, डॉक्टरांनी धोका टळला म्हणून सांगितलं होतं. अजून अर्धा तास झाला असता तर सांगता आलं नसतं, असंही सांगितलं होतं. वाचनालयात मागच्या खोलीतल्या कपाटामागे बसून ती पुस्तक वाचत होती, वाचता वाचता झोप लागली, जाग आली तेव्हा सगळं बंद होतं. दार ठोकून ठोकून दमल्यावर तिने माठात ओढणी भिजवून डोक्यावर घेतली होती. त्यानेच वाचली. माठ रिकामा झाल्यावर परत मागे जाऊन जमिनीवर पडली, ती तिथेच सापडली.

बाकावर घाटेकाका बसले होते. दोन्ही पावलांना बँडेज. फोन टाकून ते तसेच अनवाणी धावले होते, त्या डांबरावरून. शेजारच्या बांधकामावरून लोखंडी पहार आणून त्यांनी स्वतः कोयंडा उखडला होता.

दामिनी खाटेपाशी उभी होती. चंद्रकलाला पाहून ती ओरडली नाही. तेच जड गेलं.

"ताई, कुलूप लावाच्या आधी तुम्ही लेकरं मोजत नाही काय?"

"चपला मोजल्या," चंद्रकला म्हणाली.

दामिनीला कळलं नाही. "काय मोजल्या?"

"पायरीवरच्या चपला. पायरी रिकामी दिसली मले."

दामिनीने उशाची कापडी थैली उचलून आतल्या चपला बाहेर काढल्या आणि खाटेखाली ठेवल्या, अगदी सरळ, एकीला एक लावून. "पोरगी काय म्हनते मालूम आहे? म्हनते, ताईनं सांगतलं होतं, जिवापाड सांभाळ म्हनून." तिचा आवाज तिथे फाटला. "पायरीवर चप्पल नसली तं माही पोरगी नाहीच काय?"

चंद्रकलाला रडायचाही हक्क वाटला नाही. ती भिंतीला टेकून संध्याकाळपर्यंत उभी राहिली. तिला कोणी बस म्हटलं नाही, आणि जा असंही कोणी म्हटलं नाही.

चार दिवसांनी समितीची सभा झाली. त्याआधी घाटेकाकांनी तिला बाजूला घेतलं. चालताना त्यांना भिंत धरावी लागत होती.

"हे बघा, कुलूप नवं होतं, अडकलं, असं इतिवृत्तात लिहितो. मुलीच्या आईने लेखी तक्रार दिलेली नाही. वर्ग वाचेल."

ज्यांना वर्ग नको होता तेच आता तो वाचवायला निघाले होते. चंद्रकलाला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण ती म्हणाली, "नको काका. त्या दिवशी एक खोटं बोलली, त्यात दीड मिनिट गेलं. लेकराचं दीड मिनिट. आता जे झालं तेच लिहा."

तेच लिहिलं गेलं. वर्ग बंद झाला.

जूनभर चंद्रकला सकाळ-संध्याकाळ वाचनालय उघडत होती आणि मधल्या दुपारी दुपट्टा बांधून घरोघर फिरत होती. सव्वीस घरी जाऊन तिने काय झालं ते स्वतःच्या तोंडाने सांगितलं. कुणी पाणी दिलं, कुणी दारातूनच ऐकून घेतलं. एका बापाने तर तिला चपलांवरून असं काही सुनावलं की ईश्वरदास ऐकता तर भांडला असता. सत्ताविसावं घर दामिनीचं. मशीन थांबवून दामिनीने सगळं ऐकलं आणि परत मशीन सुरू केली. काकांनी समितीत दोनदा विषय मांडला, दुसऱ्यांदा तो पास झाला. जुलैचा पहिला रविवार ठरला.

त्या रविवारी नऊ वाजले, सव्वानऊ झाले. चंद्रकला दारात उभी होती. हातात सत्तावीस नावांची नवी वही होती, तिने स्वतः हाताने आखलेली. पायरीवर एकही चप्पल नव्हती. समोरच्या गल्लीत घाटेकाका फाटकाशी येऊन परत आत गेले.

साडेनऊला वळणावरून दामिनी येताना दिसली. तिच्या हाताला धरून भूमिका. जवळ आल्यावर दामिनीने पदराने पायरीचा कोपरा झटकला आणि ती तिथेच बसली, रस्त्याकडे तोंड करून. "वर्ग होईस्तोर मी इथंच बसून राहतो," एवढंच म्हणाली.

भूमिकाने चपला काढल्या. दोन्ही हातात घेतल्या. एकदा पायरीकडे बघितलं, एकदा आपल्या थैलीकडे, मग वर चंद्रकलाकडे.

"ताई, चपला कुठी ठेवू?"

चंद्रकलाने वही काखेत धरली, खाली वाकली आणि पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. तेल लावून घट्ट वेणी घातलेलं, उन्हाने तापलेलं डोकं. हात तसाच ठेवून ती पायरीवरच्या आईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली,

"एक."